दोन सुयांचे कार्बोरेटर : जुन्या आउटबोर्ड इंजिनांवरील कामाचा अनुभव

अमेरिकेतील सरोवरांवर आणि नद्यांवर १९५० च्या दशकात जी लहान आउटबोर्ड इंजिने घरोघरी पोहोचली, त्यांपैकी बरीच आजही गॅरेजच्या कोपऱ्यांत आणि जुन्या सामानाच्या विक्रीत सापडतात, आणि ती सुरू होत नसली किंवा सुरू होऊन लगेच बंद पडत असली, तर दोष जवळजवळ नेहमी कार्बोरेटरच्या माथी मारला जातो. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून आवळून बसवायचे आणि काम संपल्यावर उचलून नेता येणारे इंजिन. वरच्या टोकाला सिलिंडर, मध्ये उभा दांडा आणि पाण्याखाली गिअर व पंखा अशी त्याची रचना एकाच सांगाड्यात केलेली असते. नॉर्वेत जन्मलेले यंत्रकार ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकी येथून असे इंजिन व्यापारी प्रमाणावर विकायला आरंभ केला, १९२० च्या दशकात इंडियानातील जॉन्सन बंधूंनी त्याहून हलके इंजिन आणून त्यांच्याशी स्पर्धा केली, आणि १९३० च्या दशकात ही दोन्ही नावे एकाच उद्योगसमूहात आली. या समूहाने १९५४ पासून साधारण दशकभर दोन्ही नावांनी विकलेले साडेपाच अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन येथे मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे, कारण त्याच्या कार्बोरेटरवर चालकाने हाताने फिरवायच्या दोन सुया समोरच दिलेल्या आहेत आणि दुरुस्तीतील बहुतेक यश तसेच बहुतेक दिशाभूल या दोन सुयांपाशीच घडते.

कार्बोरेटरचे काम हवेच्या प्रवाहात पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून देणे एवढेच असले, तरी ते प्रमाण इंजिनाच्या प्रत्येक वेगाला सांभाळावे लागते. अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो; अठराव्या शतकात दानिएल बर्नुली आणि पुढे जिओव्हानी बात्तिस्ता वेंचुरी यांनी अभ्यासलेल्या या तत्त्वावरूनच कार्बोरेटरच्या या गळ्याला वेंचुरी म्हणतात. गळ्याखालच्या वाटीत पेट्रोल ठरावीक पातळीवर साठवलेले असते, वाटीतील पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, आणि गळ्यातला दाब उतरला की बारीक नळीतून पेट्रोल वर चढून फवाऱ्याच्या रूपाने हवेत मिसळते. हंगेरीतील दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी १८९३ मध्ये अशा फवाऱ्याच्या कार्बोरेटरचे पेटंट घेतले, आणि पुढील कित्येक दशके मूळ कल्पनेत फारसा बदल झाला नाही. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. पेट्रोल याहून कमी पडले तर मिश्रण लीन झाले असे म्हणतात, जास्त झाले तर रिच. पूर्ण ताकदीसाठी इंजिनाला किंचित रिच मिश्रणच मानवते.

साडेपाच अश्वशक्तीच्या या इंजिनात वरची सुई मंद गतीचे पेट्रोल ठरवते आणि खालची सुई वेगाच्या चालीचे. दोन्ही सुया म्हणजे पितळेच्या बारीक काड्या असून त्यांचे निमुळते टोक एका छिद्रात शिरते. सुई घड्याळाच्या दिशेने आत फिरवली की छिद्र अरुंद होऊन पेट्रोल कमी होते, उलट फिरवली की वाढते. सुई हलक्या हाताने पूर्ण बसवून मग मंद गतीची सुमारे दीड फेरी आणि वेगाची पाऊण ते एक फेरी उघडली, तर इंजिन बहुधा सुरू होते आणि तेथून पुढे बारीक जुळणी करता येते. नंतरच्या काळातील इंजिनांत वेगाच्या सुईच्या जागी ठरावीक मापाचा, न फिरवता येणारा जेट आला. त्या आधीच्या इंजिनांत मात्र हवामान, उंची, होडीवरचा भार आणि पेट्रोलचा दर्जा पाहून मिश्रण बदलण्याची मुभा चालकाला होती. समुद्रसपाटीला जुळवलेले इंजिन सुमारे १,९०० मीटर उंचीवरील टाहो सरोवरावर नेले, तर तेथील विरळ हवेत ते रिच होऊन धुमसू लागते, आणि वेगाची सुई थोडी आत फिरवली की पुन्हा मोकळे चालते. ही सोय रचनाकारांनी विचारपूर्वक ठेवलेली होती.

दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र हीच सोय अडचणीची ठरते. सुई फिरवल्याने इंजिन सुधारले की दुरुस्ती झाली असे वाटते, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. आतली वाट अर्धी तुंबलेली असेल, तर सुई अडीच फेऱ्या उघडून तेवढ्यापुरते काम चालते. पुढच्या मोसमात वाट आणखी तुंबते आणि सुई आणखी उघडावी लागते. या इंजिनांवर दीर्घ काळ काम करणाऱ्याला म्हणूनच सुई किती फेऱ्या उघडलेली आहे ही बाब जुळणीपेक्षा लक्षण म्हणून अधिक मोलाची वाटू लागते. सुई नेहमीच्या जागेपासून दूर गेल्याशिवाय इंजिन चालत नसेल, तर कुठेतरी बिघाड आहे, आणि तो सुईत नाही, हे गृहीत धरूनच पुढे जावे लागते.

हा बिघाड कार्बोरेटरच्या बाहेर असण्याची शक्यताही बरीच असते, आणि या इंजिनाच्या बाबतीत सर्वांत फसवा दोष विजेचा आहे. फ्लायव्हीलखाली असलेला मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीवाचून फिरत्या चुंबकाने ठिणगीची वीज निर्माण करणारा भाग, दोन सिलिंडरांसाठी दोन स्वतंत्र कॉइल वापरतो. त्या काळच्या कॉइलींचे वेष्टन वयोमानाने तडकते, ओल आत शिरते आणि इंजिन तापल्यावर एका सिलिंडरची ठिणगी नाहीशी होते. अशा वेळी इंजिन एका सिलिंडरवर चालत राहते, धुमसते, ओढत नाही, मंद गतीला थरथरते आणि त्याचा एक प्लग ओला, काळा निघतो; ही सर्व लक्षणे रिच मिश्रणाशी इतकी जुळतात की अननुभवी माणूस सुई आत फिरवत बसतो आणि जो सिलिंडर नीट चालत होता त्यालाही उपाशी ठेवतो. मंद गतीला चालणाऱ्या इंजिनाच्या एकेका प्लगची वायर आळीपाळीने इंजिनाच्या धातूला टेकवून पाहिली, अर्थात रबरी मुठीचा पक्कड वापरून, तर ज्या सिलिंडरची ठिणगी बंद केल्याने आवाजात काहीच फरक पडत नाही तो आधीपासूनच निकामी आहे हे लगेच कळते. ठिणगी किमान सहा मिलिमीटरचे अंतर निळसर रंगाने, टणक आवाज करत ओलांडणारी हवी. पिवळी, मरगळलेली ठिणगी मोकळ्या हवेत दिसली तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली टिकत नाही. मॅग्नेटोतील पॉइंटची, म्हणजे ठिणगीच्या क्षणी विजेचा मार्ग तोडणाऱ्या संपर्कटोकांची, फट ०.०२० इंच, म्हणजे जवळपास अर्धा मिलिमीटर असावी लागते आणि त्यांवर साठलेला पातळ गंज स्वच्छ करावा लागतो. दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळपास आहे ना, हेही याच टप्प्यावर पाहून घ्यावे. विजेची ही खात्री पटेपर्यंत कार्बोरेटरला पाना लावू नये, हा नियम कितीही कंटाळवाणा वाटला तरी मोडण्यासारखा नाही.

ठिणगी चांगली असेल तर प्लग पुढची वाट दाखवतो. चोक लावून, म्हणजे गळ्याच्या तोंडाची झडप मिटून हवा अडवून, दोरी अनेकदा ओढल्यावरही प्लग कोरडा ठणठणीत निघाला तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतच नाही. चिंब निघाला तर येते आहे, कदाचित गरजेपेक्षा जास्त. कोरड्या प्लगच्या इंजिनात गळ्यातून थोडे तेलमिश्रित पेट्रोल सोडून दोरी ओढली आणि ते दोन-चार क्षण चालून बंद पडले, तर शोध पेट्रोलच्या मार्गापुरता मर्यादित होतो. मात्र हा मार्ग टाकीपासून सुरू होतो, आणि या पिढीच्या इंजिनांची टाकी आजच्या टाकीसारखी नाही.

त्या काळी या इंजिनावर पेट्रोलचा पंप नव्हता. होडीत ठेवायच्या वेगळ्या टाकीतून इंजिनाकडे दुहेरी नळी जात असे. तिच्या एका पोकळीतून क्रँककेसमधील, म्हणजे पिस्टनखालच्या बंद खोलीतील, हवेचा दाब टाकीत शिरे आणि त्या दाबाने पेट्रोल दुसऱ्या पोकळीतून कार्बोरेटरकडे ढकलले जाई. सुरू करण्यापूर्वी टाकीवरचे बटण काही वेळा दाबून वाटी भरावी लागते. झाकणाचे गॅस्केट कडक झाले, जोडणीतील रबरी कडी झिजली किंवा नळीचे आतले अस्तर सुटले, की टाकीत दाब राहत नाही. इंजिन पहिल्या दोरीला सुरू होते, वाटीत असलेले पेट्रोल संपेपर्यंत अगदी सुरेख चालते आणि एक-दोन मिनिटांत धाप लागल्यासारखे होऊन थांबते. थांबण्याच्या बेतात असताना टाकीचे बटण दाबल्याने त्यात जीव आला, तर कार्बोरेटर निर्दोष आहे आणि काम टाकी किंवा नळीचे आहे. हा प्रयोग करायला काही क्षण पुरतात, तरीही तो न करता कार्बोरेटर सोडवून टेबलावर मांडला जातो, हे फार वेळा घडते. या टाकीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे : ती दाबाखाली असल्यामुळे झाकण एकदम उघडले तर पेट्रोल उसळून बाहेर येते, म्हणून झाकण सावकाश सैल करून आधी दाब जाऊ द्यावा आणि जवळपास तापलेले इंजिन किंवा ठिणगीची चाचणी असू नये.

एवढे सर्व पाहून झाल्यावर कार्बोरेटर उघडण्याची वेळ येते, आणि वर्षानुवर्षे न चाललेल्या इंजिनात खालची वाटी सोडवताच कारण बहुधा डोळ्यांना दिसते. वाटीच्या तळाशी तपकिरी, चिकट थर असतो. पेट्रोलचा हलका अंश उडून गेल्यावर उरलेला जड भाग आणि त्यातले तेल मिळून तो तयार होतो आणि त्याला जुन्या वार्निशसारखा आंबूस, उग्र वास येतो. पाणी शिरलेले असेल तर ॲल्युमिनियमच्या भिंतीवर पांढरी, खरखरीत भुकटी फुटलेली असते आणि पितळेवर हिरवी छटा चढलेली असते. वाटीत तरंगणारा फ्लोट या इंजिनात बुचाच्या लाकडाचा आहे आणि त्यावर शेलॅकचा, म्हणजे लाखेपासून बनवलेल्या लुकणाचा, थर दिलेला असतो. पेट्रोल वाढले की फ्लोट वर चढून आत येणारी वाट एका टोकदार झडपेने बंद करतो, पेट्रोल घटले की उतरून ती उघडतो. वाटीतली पातळी अशा रीतीने कायम राहते. लुकण सोलवटले की बूच पेट्रोल पिते, जड होते, हवे तितके वर चढत नाही, आणि झडप न मिटल्याने पेट्रोल गळ्यातून बाहेर ओघळू लागते. असा फ्लोट बोटांत धरला तर दमट लागतो आणि त्याच्या पृष्ठभागावर टरफलासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात.

फ्लोट जागेवर ठेवून कार्बोरेटरचे वरचे अंग उलटे धरले, तर त्याची कड गॅस्केटच्या पृष्ठभागाशी समांतर राहायला हवी. ती तशी नसेल तर फ्लोटची पितळी पट्टी अगदी किंचित वाकवून पातळी सुधारतात. हे वरवर किरकोळ दिसणारे काम सर्वांत जास्त लक्ष मागते, कारण वाटीतल्या पेट्रोलची पातळी एखाद्या मिलिमीटरने खाली राहिली, तर गळ्यापर्यंत त्याला तेवढे अधिक चढावे लागते आणि सर्वच वेगांना मिश्रण लीन होते. वर राहिली तर सर्वच वेगांना रिच. सुई मग कितीही जुळवली तरी एका वेगाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक, अशी ओढाताण संपत नाही.

सुयांची टोके भिंगाखाली पाहण्याजोगी असतात. सुई बसवताना पूर्वी कुणी जोराने आवळली असेल, तर निमुळत्या टोकाभोवती एक बारीक गोल खाच दिसते, क्वचित टोकच वाकलेले असते, आणि ज्या छिद्रात ते बसते त्याची कड फाटलेली असते. अशी सुई हलक्या फेरीला प्रतिसाद देत नाही. खाच ओलांडेपर्यंत काहीच बदल होत नाही आणि ओलांडली की एकदम पेट्रोल वाढते. ती बदलण्यावाचून उपाय नाही. सुईच्या काडीभोवती असलेले पॅकिंग, म्हणजे नटाने दाबून ठेवायच्या बारीक चकत्या, हा आणखी एक दुर्लक्षित भाग आहे : त्या सुकल्या की तेथून हवा आत ओढली जाते, मंद गतीची जुळणी टिकत नाही, आणि इंजिनाच्या थरथरीने सुई आपोआप फिरते. पॅकिंगचा नट सुई बोटांनी फिरेल पण स्वतःहून हलणार नाही इतका आवळावा.

स्वच्छता करताना सर्वाधिक नुकसान उत्साहाने होते. जेटमध्ये पोलादी तार किंवा ड्रिलची काडी घालणे हा अपराधच म्हटला पाहिजे, कारण पितळेचे छिद्र किंचितही मोठे झाले की त्याचे माप कायमचे बिघडते; कचरा अडकलाच असेल तर विजेच्या वायरीतला एखादा मऊ तांब्याचा धागा पुरतो, आणि त्यानंतर द्रावक व दाबाची हवा. डब्यातून फवारायच्या क्लीनरवर मात्र गरजेपेक्षा अधिक भरवसा ठेवला जातो. या कार्बोरेटरच्या वरच्या अंगावर एक लहानशी गोल, किंचित फुगीर ॲल्युमिनियमची टिकली ठोकून बसवलेली असते, आणि तिच्याखालच्या पोकळीतून दोन-तीन केसाएवढी छिद्रे गळ्यात, थ्रॉटलच्या चकतीच्या अगदी कडेला उघडतात. थ्रॉटल म्हणजे गळ्यात फिरून हवेचे प्रमाण ठरवणारी चकती. मंद गतीचे पेट्रोल याच छिद्रांतून येते. पोकळीत घट्ट झालेला राळेसारखा थर फवाऱ्याने विरघळत नाही, आणि बाहेरून सर्व काही चकचकीत झालेले इंजिन मंद गतीला तरीही बंदच पडते. टिकलीच्या मध्यभागी लहान भोक पाडून, खालच्या धातूला ड्रिल लागू न देता ती उचकटावी लागते, पोकळी आणि छिद्रे साफ करावी लागतात, छिद्रांसमोर प्रकाश धरून ती खरोखर आरपार आहेत हे पाहावे लागते, आणि मग नवी टिकली ठेवून तिचा फुगवटा हलक्या ठोक्याने सपाट करून ती घट्ट बसवावी लागते. मंद गतीचा जुनाट त्रास असलेल्या इंजिनांत निम्मे काम न होता ‘कार्बोरेटर साफ केला’ असे म्हटले जाते ते या टिकलीपाशी.

जोडणी झाल्यावर गॅस्केटची फट, क्रँककेसकडे मिश्रण एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पातळ पोलादी पात्या आणि थ्रॉटलचा सांधा यांकडे पाहणे बाकी राहते. या इंजिनात वेगाचा दांडा फिरवला की फ्लायव्हीलखालची मॅग्नेटोची चकती फिरते, ठिणगीची वेळ पुढे सरकते आणि त्या चकतीखालचा वक्र कडेचा कॅम एका लहान रोलरला ढकलून थ्रॉटल उघडतो. कॅमवरची खूण रोलरपाशी येते त्याच क्षणी थ्रॉटल उघडायला लागला पाहिजे. तो उशिरा उघडला तर ठिणगी पुढे गेलेली असते पण हवा-पेट्रोल मिळत नाही, आणि दांडा पुढे सरकवताच इंजिन गुदमरते. हा दोष सुईने कधीच सुटत नाही, तरी त्यासाठी सुई फिरवली जाते. पात्यांपैकी एखादी तुटली किंवा उघडी राहिली, तर मिश्रण उलट दिशेने गळ्यातून बाहेर थुंकले जाते. मिश्रण फार लीन असतानाही इंजिन शिंकल्यासारखा आवाज करून गळ्यातून थुंकते. फरक एवढाच की लीनपणाची शिंक सुई थोडी उघडल्यावर थांबते, पातीची थांबत नाही.

शेवटची जुळणी पाण्यातच करावी लागते. कोरड्या जागी इंजिन काही क्षणांपेक्षा जास्त चालवले तर पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी पाते जळते, आणि पंख्यावर भार नसताना केलेली जुळणी होडीवर निरुपयोगी ठरते. पिंपात पाणी भरून चालवणे हा सोपा उपाय दिसतो, पण पिंपात धूर कोंडतो, इंजिन तोच धूर पुन्हा ओढते आणि पंख्याने पाण्यात हवा घुसळली जाते. म्हणून पिंपात मंद गती बिनसलेली वाटली तरी लगेच निष्कर्ष काढू नये. होडी मोकळ्या पाण्यात नेऊन, इंजिन चांगले तापवून, पूर्ण वेगात खालची सुई एक अष्टमांश फेरीने आत न्यावी आणि इंजिनाला तो बदल जाणवायला काही सेकंद द्यावेत; वेग थोडा वाढतो, मग आवाज कोरडा व टोकदार होतो, मग इंजिन मागे ओढू लागते किंवा शिंकते. तेथून सुई परत उघडत सर्वांत सुरळीत चालीपर्यंत यावे आणि त्याहून अष्टमांश फेरी रिच बाजूला ठेवावी. त्यानंतर वेग उतरवून मंद गतीची सुई याच रीतीने जुळवावी. एका वेळी एकच सुई, आणि प्रत्येक बदलानंतर थांबणे. घाईने दोन्ही सुया एकत्र फिरवणाऱ्याला इंजिन काय सांगते आहे ते ऐकूच येत नाही.

किंचित रिच ठेवण्याचा आग्रह सुरक्षिततेचा आहे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पिस्टनला आणि बेअरिंगला तेल पेट्रोलातूनच मिळते, त्यामुळे पेट्रोल कमी झाले की तेलही कमी होते आणि उष्णता वाढते. लीन इंजिन काही काळ इतरांपेक्षा जोमाने पळते आणि मग पिस्टनवर उभे ओरखडे पडून जाम होते. साडेपाच अश्वशक्तीच्या या इंजिनांच्या मूळ पुस्तिकेत चोवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल असे प्रमाण होते. १९६४ च्या सुमारास याच कारखान्याने नव्या इंजिनांसाठी पन्नासास एक सुचवले. जुन्या यंत्राला जुनेच प्रमाण द्यावे, आणि तेल पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचे असावे.

सुईचा जुना अंदाज आता थोडा बदलावा लागतो, याचे कारण पेट्रोलातील इथेनॉल. इथेनॉल जळायला त्याच्या वजनाच्या नऊ पटच हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ते अधिक घालावे लागते. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुनी जुळणी म्हणून किंचित लीन ठरते आणि सुई थोडी अधिक उघडावी लागते. फेऱ्यांवरून दोष ओळखताना एवढी सूट दिली पाहिजे. त्याहून गंभीर परिणाम असा की इथेनॉल बुचाच्या फ्लोटवरील शेलॅक विरघळवते आणि हवेतील बाष्प शोषून घेते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, आणि कार्बोरेटरला पहिल्यांदा मिळतो तो हाच थर. बुचाचा फ्लोट पूर्ण वाळवून त्यावर सायनोॲक्रिलेट गोंदाचे पातळ थर दिले तर तो इथेनॉलला दाद देत नाही, किंवा प्लास्टिकचा बदली फ्लोट मिळत असेल तर तो बसवावा. अमेरिकेत काही पंपांवर इथेनॉलविरहित पेट्रोल मिळते, आणि जुन्या इंजिनांसाठी त्याचा थोडा अधिक खर्च सोसावा हेच योग्य.

भारतात २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र पोहोचले असल्याने हा मुद्दा मराठी वाचकालाही परका नाही. घरात जपून ठेवलेली टू-स्ट्रोक स्कूटर किंवा मोटरसायकल ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या कार्बोरेटरमधील रबरी भाग आणि वाटी याच मार्गाने खराब होतात. फिरवता येणारी वेगाची सुई तेथे नसल्याने लीनपणा जेट बदलूनच दूर करावा लागतो. कोकणात आणि गोव्यात लहान होड्यांवर चालणारी रॉकेलची आउटबोर्ड मशिने पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर नेतात, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवतात, ती यासाठी की वाटीत रॉकेल उरले तर थंड इंजिन दुसऱ्या दिवशी पेटत नाही. वाटीत काय उरते याची ही काळजी अमेरिकेतील सरोवरांवरच्या मोसमी वापराच्या इंजिनालाही तितकीच लागू आहे : हिवाळ्यापूर्वी पेट्रोलची नळी काढून, इंजिन पाण्यात चालवतच वाटी रिकामी करावी, म्हणजे वर वर्णिलेला तपकिरी थर साठतच नाही. खाऱ्या पाण्यात वापरलेले इंजिन गोड्या पाण्यात चालवून धुणे हेही त्याच काळजीचा भाग आहे.

या इंजिनांचे सुटे भाग, म्हणजे सुया, झडप, गॅस्केट, पॅकिंग, टिकली आणि फ्लोट, आजही मॉडेल क्रमांकावरून मिळतात. तो क्रमांक इंजिनाच्या चौकटीवरील लहान पत्र्यावर कोरलेला असतो, आणि भाग मागवण्यापूर्वी तो पत्रा पुसून वाचावा, केवळ अश्वशक्ती सांगून भागत नाही. कार्बोरेटर उघडण्यापूर्वी दोन्ही सुया हलक्या हाताने आत बसवत त्या किती फेऱ्या उघडलेल्या होत्या हे मोजावे, आणि जुळणी संपल्यावर त्या किती फेऱ्यांवर स्थिरावल्या हेही, तारीख, पेट्रोलचा प्रकार आणि तेलाचे प्रमाण यांसह, झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावे. पुढच्या मोसमात इंजिन बिनसले की आधी हे आकडे पाहावेत, आणि मगच पाना हातात घ्यावा.